औषधाच्या खिडकीमागील माणूस

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आजच्या संमेलनात मला बोलण्याची आज्ञा झाली, तेव्हा प्रथम मी संकोचलो. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला, पुढे अध्यापनाची पदविका घेऊन उभा जन्म मुलांना अंकगणित व भाषा शिकविण्यात घालविलेला एक सेवानिवृत्त मास्तर. विद्वत्सभेत शोभेल असे माझ्यापाशी काही नाही. परंतु शिकणे आणि शिकविणे हा माझा जन्माचा धंदा. त्या धंद्यातील एक नवी हकीकत कानी आली, ती आपल्यापुढे ठेवावी असे वाटले. ती हकीकत आहे आफ्रिकेतील फ्रेंच भाषा चालणाऱ्या गरीब देशांतील रुग्णालयांच्या औषधनिर्मात्यांची, आणि त्यांना इंटरनेटवरून मिळणाऱ्या शिक्षणाची. एवढ्या दूरच्या विषयाशी आपल्या मंडळाचा काय संबंध, असे आपण मनात म्हणाल. तो संबंध मी शेवटी सांगणार आहे. माझे वडील एका सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होते, हे आपल्यातील वडीलधाऱ्या मंडळींना ठाऊक आहेच. तेवढे तूर्त ध्यानी असू द्यावे.

माझा भाचा औषधांच्या निर्यातीच्या व्यापारात असून काही वर्षे सेनेगाल देशाच्या डाकार या राजधानीत राहिला होता. दिवाळीस घरी आला असता त्याने सांगितले, “मामा, तिथल्या एका रुग्णालयात औषधभांडार सांभाळणाऱ्या बाई आहेत. सारे गेले तरी त्या संध्याकाळी हेडफोन लावून संगणकापुढे बसलेल्या असत. मी विचारले, तर म्हणाल्या, माझा वर्ग भरला आहे.” नोकरीस लागून कित्येक वर्षे लोटलेली बाई संध्याकाळी वर्गात बसते, या एका वाक्याने माझे कुतूहल जागे झाले. मग जमेल तेवढे वाचले, विचारले, आणि जे खात्रीचे वाटले तेच आज सांगत आहे.

रुग्णालय म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे डॉक्टर उभे राहतात आणि परिचारिका उभ्या राहतात. औषधाच्या खिडकीमागचा माणूस मात्र कोणास दिसत नाही. त्याचा केवळ हात दिसतो, पुडी पुढे करणारा. परंतु डॉक्टरांनी लिहिलेले औषध खरे आहे की खोटे, मुदतीतले आहे की मुदत टळलेले, थंड ठेवावयाची लस २ ते ८ अंशांच्या मधेच राहिली की वीज गेल्यामुळे तापली, मोठ्यांच्या गोळीतून तान्ह्या बाळाची मात्रा कशी काढावी, दोन औषधे एकमेकांशी वैर तर करणार नाहीत ना, या सर्वांचा जाब अखेर त्यालाच द्यावा लागतो. डॉक्टरांची चूक तो अडवू शकतो. त्याची चूक अडविणारा त्याच्यापुढे कोणी नसतो. म्हणून त्याचे ज्ञान ताजे असणे ही रोग्याच्या जिवाची बाब होय.

आता ज्या देशांची गोष्ट करावयाची ते पाहू. माली, सेनेगाल, बुर्किना फासो, नायजर, बेनिन, आयव्हरी कोस्ट, चाड, कॅमेरून, मादागास्कर इत्यादी देशांवर एके काळी फ्रान्सची सत्ता होती. यांपैकी बहुतेक १९६० साली स्वतंत्र झाले. सत्ता गेली, परंतु कचेरीची व उच्च शिक्षणाची भाषा फ्रेंचच राहिली. आपल्या लोकांच्या भाषांना मान द्यावा ही चळवळ तेथेही आहे. मालीने २०२३ च्या नव्या घटनेत फ्रेंचला राजभाषेच्या आसनावरून उतरवून केवळ कामकाजाची भाषा ठरविले. तथापि औषधशास्त्राचा पदवीधर तेथे फ्रेंचमधूनच शिकलेला असतो, आणि औषधांविषयीचे जगातील नवे लेखन मात्र बहुतांशी इंग्रजीत निघते. म्हणजे आधीच पुस्तके महाग, ग्रंथालय शेकडो मैल दूर, आणि जे हाती येईल ते परक्या भाषेत. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच!

अशा देशांत जिल्ह्याच्या रुग्णालयात पुष्कळदा एकच औषधनिर्माता असतो. त्याने शिक्षणासाठी राजधानीस जावयाचे म्हटले, तर औषधभांडाराच्या किल्ल्या कोणाच्या हाती द्यावयाच्या? परदेशी शिकावयास धाडले, तर चांगला शिकलेला मनुष्य परत येईलच याची शाश्वती काय? यावर एकच तोड निघू शकत होती. विद्यार्थ्याला शाळेकडे नेण्याऐवजी शाळाच विद्यार्थ्याकडे न्यावयाची.

२००१ साली स्वित्झर्लंडमधील जिनिव्हा येथील विद्यापीठ रुग्णालयाच्या साहाय्याने मालीत एक जाळे विणावयास आरंभ झाला. फ्रेंच भाषिक आफ्रिकेचे दूरवैद्यकाचे जाळे असा त्याच्या नावाचा अर्थ असून, त्याच्या फ्रेंच आद्याक्षरांवरून त्यास ‘राफ्त’ म्हणतात. पुढे ते अनेक देशांत पसरले. त्यांची खरी अडचण ही की खेड्यापाड्यांत इंटरनेटची धार अगदी बारीक. तेव्हा ‘दुदाल’ नावाची एक संगणकीय योजना तयार झाली. तिच्यात शिक्षकाचा आवाज पहिला मान घेतो. चित्र लहान, पाठाची पाने हळूहळू उतरणारी, आणि ज्याला त्या वेळी ऐकता आले नाही त्याने साठवलेला पाठ मागाहून ऐकावा. मला यात मास्तराची नजर दिसली. वर्गात मागच्या बाकावरील मुलास फळ्यावरचे दिसले नाही तरी चालते. मास्तरांचा आवाज पोचला पाहिजे.

आणखी एक गोष्ट मला विशेष आवडली. या जाळ्यातील बहुतेक पाठ युरोपातून येत नाहीत. आफ्रिकेतील जाणती मंडळीच ते देतात. ज्याने स्वतः वीज गेलेली पाहिली आहे आणि रिकामे फळीताळे पाहिले आहे, तोच दुसऱ्याला रिकाम्या फळीतून मार्ग कसा काढावा हे सांगू शकतो. याच जिनिव्हा रुग्णालयाच्या औषधविभागाने ‘फार्म-एड’ या नावाने रुग्णालयीन औषधनिर्मात्यांसाठी फ्रेंच भाषेत इंटरनेटवर शिक्षणाची सोय केली आहे, आणि तीही साधनांची वाण असलेल्या देशांतील मंडळी डोळ्यांपुढे ठेवून. आपल्या वेळेने, आपल्या गतीने, आपल्या भाषेत शिकावे, हे तिचे सार होय.

आता अशा शिक्षणाने प्रत्यक्षात काय घडते, हे एका उदाहरणाने सांगतो. ते उदाहरण हात धुण्याचे आहे.

रुग्णालयात रोगी एका रोगासाठी येतो आणि डॉक्टर-परिचारिकांच्या हातांवरून दुसरा रोग घेऊन जातो, हे वैद्यकातील जुने दुःख आहे. जिनिव्हा येथील डॉ. दिदिये पिते यांनी आपल्या रुग्णालयात प्रत्येक खाटेपाशी हातांस चोळावयाचे अल्कोहोलचे द्रावण ठेवविले व ते वापरण्याची मोहीम चालविली. तेव्हा १९९४ ते १९९८ या काळात, रुग्णालयातच जडलेल्या संसर्गाचे प्रमाण शंभर रोग्यांत सुमारे १७ होते ते सुमारे १० वर आले. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने या द्रावणाची कृती सर्व जगास खुली केली. कोविडच्या साथीत आपण सर्वांनी हातांस चोळले ते द्रव्य याच कुळातले.

गरीब देशाने हे द्रावण बाटलीबंद विकत घेऊ म्हटले तर परवडत नाही. तेव्हा ते रुग्णालयातच करावे. आणि करणार कोण? खिडकीमागचा आपला माणूस! १० लिटरची कृती अशी आहे : ९६ टक्क्यांचे इथेनॉल ८,३३३ मिलिलिटर, ३ टक्क्यांचे हायड्रोजन पेरॉक्साइड ४१७ मिलिलिटर, ९८ टक्क्यांचे ग्लिसरॉल १४५ मिलिलिटर, आणि उकळून गार केलेले पाणी घालून भरती १० लिटरची. अल्कोहोल जंतू मारते, ग्लिसरॉल कातडीची निगा राखते, आणि पेरॉक्साइड द्रावणात वा बाटलीत दडलेली जंतूंची चिवट बीजे मारते. त्यासाठी भरलेल्या बाटल्या ७२ तास तशाच बाजूस ठेवावयाच्या. त्याआधी वापरावयास काढावयाच्या नाहीत.

येथे माझ्यातील गणिताचा मास्तर जागा होतो. समजा, गावच्या कारखान्याचे अल्कोहोल ९६ टक्क्यांचे नसून ९४ टक्क्यांचे निघाले, तर किती घ्यावे? ज्याने कृती केवळ पाठ केली आहे तो ८,३३३ च घालील, आणि द्रावण कमजोर होईल. ज्याने कारण जाणले आहे तो म्हणेल की मला १० लिटरांत ८० टक्के, म्हणजे ८,००० मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल हवे. तेव्हा ९४ टक्क्यांचे सुमारे ८,५११ मिलिलिटर घेतले पाहिजे. साधे त्रैराशिक आहे. सहावी-सातवीत आपण सर्वांनी ते केले, आणि परीक्षा होताच विसरलो. पण त्या खिडकीमागे त्याचे उत्तर चुकले तर गुण जात नाहीत, माणूस जातो.

मालीमध्ये बामाको येथील पॉइंट जी रुग्णालयात २००६ ते २००८ या काळात हा प्रयोग झाला. आफ्रिकेतील अशा प्रकारच्या पहिल्या प्रयोगांपैकी तो एक. देशातच पिकलेल्या उसापासून काढलेले अल्कोहोल घेऊन रुग्णालयातच द्रावण तयार केले. आरंभी हात स्वच्छ करावयाच्या शंभर प्रसंगांपैकी केवळ ८ प्रसंगी लोक ते करीत होते. प्रयत्नांनंतर ते सुमारे २२ झाले. कोणी म्हणेल, बावीस म्हणजे नापास! मी चाळीस मुलांच्या वर्गात आयुष्य काढलेला मनुष्य आहे. आठ गुण मिळविणाऱ्या मुलाने बावीस मिळविले, तर मी त्याच्या पाठीवर थाप मारतो, आणि दुसऱ्या दिवशी त्यालाच पहिल्या बाकावर बसवितो.

बंधुभगिनींनो, मघा ज्या ग्लिसरॉलचे नाव घेतले त्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण ती आपल्या दारातून जाते. ग्लिसरॉल गोड व निरुपद्रवी असते. पोटात घ्यावयाच्या पातळ औषधांतही ते घालतात. दिसावयास अगदी तसाच, चवीलाही गोड, परंतु मूत्रपिंडे निकामी करणारा डायएथिलीन ग्लायकॉल नावाचा एक पदार्थ आहे. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात अशा भेसळीचे ग्लिसरॉल पोटात जाऊन १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली, हे आपल्यातील माझ्या वयाच्या मंडळींना स्मरत असेल. आपण ते विसरत चाललो होतो, तोच २०२२ साली फ्रेंच भाषिक सेनेगालने तिन्ही बाजूंनी वेढलेल्या गांबिया या चिमुकल्या देशात सुमारे ७० बालके मूत्रपिंडे बंद पडून मृत्यू पावली. जागतिक आरोग्य संघटनेने ज्या खोकल्याच्या व सर्दीच्या औषधांविषयी इशारा दिला, ती भारतात तयार झालेली होती. फ्रेंच व इंग्रजी या दोन्ही राजभाषा असलेल्या कॅमेरूनमध्ये २०२३ साली पुन्हा तसेच एक औषध सापडले. त्यात हे विष शेकडा २८ हून अधिक होते. चालू शकणारी मर्यादा शेकडा एकदशांश एवढीच! गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत दहांतील एक औषध निकृष्ट वा बनावट असते, असा या संघटनेचा २०१७ सालचा अंदाज आहे.

आपल्या देशातून रोग बरे करणारी स्वस्त औषधे साऱ्या आफ्रिकेत जातात, याचा आपल्याला अभिमान आहे आणि तो असावा. परंतु त्याच वाटेने विष गेले तर मान खाली घालणेही आपल्यालाच आले. करणाऱ्याने चोख करावे हे तर आहेच. पण घेणाऱ्याच्या खिडकीमागे डोळस माणूस उभा असावा, ही दुसरी तटबंदी होय. पेटीत मावणारी छोटी प्रयोगशाळा वापरून औषध तपासणे, वेष्टनावरील खुणा ताडून पाहणे, संशय येताच सारा गठ्ठा अडवून वर कळविणे, हे सर्व शिकविता येते, आणि दूर बसूनही त्याचा पुष्कळ भाग शिकविता येतो.

पुष्कळ भाग म्हणालो. सर्व भाग नव्हे. इंटरनेटवरील पाठाची थोरवी गाताना त्याची उणीव झाकू नये. द्रावणाचा वास, खलातील भुकटी किती बारीक झाली हे बोटांना कळणे, तराजूचा काटा स्थिर होईतो धीर धरणे, हे पडद्यावरून येत नाही. त्यासाठी जवळ उभा राहून ‘असे नव्हे, असे’ म्हणणारा गुरू लागतो. वीज नसेल तर पाठ नाही. दिवसभर राबून थकलेल्या माणसाला वरिष्ठांनी शिकण्यासाठी घटकाभर मोकळीक दिली नाही, तर उत्तम पाठही धूळ खात पडतो. आणि शिकून फळीवर औषधच नसेल तर त्या शिक्षणाचे काय लोणचे घालावयाचे? १९८७ साली बामाको येथे आफ्रिकेतील आरोग्यमंत्र्यांनी ठरविले की अत्यावश्यक औषधे अल्प किमतीस द्यावी व त्या पैशातून पुढची औषधे आणावी. अशा व्यवस्थेत एक खोके मुदत टळून फुकट गेले, तर पुढच्या खोक्याचे पैसे बुडतात. म्हणून ज्याची मुदत आधी संपते ते आधी द्यावे, हा साधा नियमही तेथे जीव वाचवितो. ज्ञान आणि सामग्री ही एका गाड्याची दोन चाके आहेत.

आता माझ्या वडिलांची गोष्ट. ही मी आजवर चारचौघांत कधी सांगितलेली नाही.

वडील मराठी सातवी पास होते. दवाखान्यात लागले ते झाडलोटीच्या कामावर, आणि पाहून पाहून कंपाउंडर झाले. हात इतका नेमका की मिश्रणाच्या बाटलीवर डोसांची कागदी पट्टी कातरून चिकटवीत, ती मोजपट्टीने आखल्यासारखी दिसे. मी आठवीत असतानाची गोष्ट. एकदा जिल्ह्याहून गुंगी आणणाऱ्या औषधाची मोठी बाटली आली. पूर्वी ते औषध तयार स्वरूपात येई. या खेपेस आठपट दाट आले होते, पाणी घालून देण्यासाठी. ही सूचना चिठ्ठीवर होती, बारीक अक्षरांत, आणि इंग्रजीत. वडिलांनी नेहमीप्रमाणे चार वर्षांच्या एका मुलाला मात्रा काढून दिली. मूल निजले ते उठेना. डॉक्टरसाहेबांनी रात्री बाटली दिव्यापाशी धरून चिठ्ठी वाचली आणि त्यांच्या ध्यानी आले. मुलाचे पोट धुवून ते पहाटेपर्यंत उशाशी बसले. वडील बाहेर ओट्यावर बसून होते. दुसऱ्या दिवशी दुपारी मुलाने डोळे उघडले.

कोणी तक्रार केली नाही. त्या मुलाच्या आईला काय झाले हे समजलेच नव्हते. चार दिवसांनी ती आमच्या घरी आली, आणि ‘कंपाउंडरदादा, तुमच्या औषधानं पोर वाचलं’ असे म्हणून ओंजळभर वालाच्या शेंगा ओट्यावर ठेवून गेली. त्या शेंगा आईने शिजविल्या. वडील ताटावरून उठले. त्या रात्री त्यांनी मला म्हटले, “तुझे इंग्रजीचे पुस्तक उद्यापासून मला रोज तासभर देत जा.” पन्नाशीला टेकलेला माझा बाप कंदिलाशी बसून माझ्या पुस्तकातली अक्षरे लावी, आणि अडले की मला विचारी. तो माझा पहिला विद्यार्थी. पुढे दवाखान्यातील प्रत्येक बाटलीवर त्यांनी स्वतःच्या अक्षरात मराठी चिठ्ठी लावली. निवृत्त होईपर्यंत त्यांच्या हातून पुन्हा चूक झाली नाही. परंतु वालाच्या शेंगाही त्यांनी पुन्हा खाल्ल्या नाहीत.

माझे वडील आळशी नव्हते, बेफिकीर नव्हते. त्यांना नोकरी लागल्यानंतर पुन्हा कोणी शिकविले नाही, आणि जे कळावयास हवे होते ते त्यांच्या भाषेत कोणी सांगितले नाही, एवढाच त्यांचा दोष. डाकारच्या त्या बाई हेडफोन लावून संध्याकाळी बसतात असे ऐकले, तेव्हा मला कंदिलाशी बसलेले वडील दिसले. फरक इतकाच की त्या बाईंना त्यांच्या भाषेत बोलणारे कोणी तरी पलीकडे आहे. वडिलांच्या पलीकडे आठवीतला एक मुलगा होता.

म्हणून मंडळापुढे माझी एक नम्र सूचना आहे. आपली शिष्यवृत्ती पदवी व पदविकेच्या विद्यार्थ्यांस मिळते, ते योग्यच आहे. परंतु नोकरीस लागलेल्यांचे काय? आपल्या ज्ञातीत औषधाची दुकाने चालविणारे आहेत, रुग्णालयांतील औषधनिर्माते आहेत, परिचारिका आहेत, रक्त तपासणारे आहेत. त्यांच्यासाठी शिष्यवृत्तीच्या निधीतील थोडा भाग वेगळा काढावा. मंडळाच्या वाचनालयातील संगणक संध्याकाळी रिकामाच असतो. आठवड्यातून दोन दिवस तो त्यांना द्यावा. ज्ञातीतील जाणत्या औषधनिर्मात्यांनी आपल्या अनुभवाचे पाठ मराठीत सांगून ध्वनिमुद्रित करावे, म्हणजे तालुक्याच्या दवाखान्यातील आपला मुलगा आपल्या सवडीने ते ऐकेल. दिव्याने दिवा लागतो, आणि पहिल्या दिव्याचे तेल त्याने कमी होत नाही.

या कार्याच्या आरंभासाठी मी माझ्या निवृत्तिवेतनातील एका महिन्याची रक्कम वडिलांच्या नावाने आज अध्यक्षांच्या स्वाधीन करीत आहे. रक्कम लहान आहे. ती गोड मानून घ्यावी.